तोंडाची ‘लाइट टेस्ट’ नॉर्मल आली, म्हणजे काळजी मिटली का?

“डॉक्टर, निळ्या लाइटने तोंड तपासलं, काही नाही म्हणाले. मग आता खर्रा चालते ना?” राजूर-वणी भागातल्या तुमच्यापैकी अनेकांच्या मनात हा प्रश्न असतो. उत्तर स्पष्ट आहे: नाही.

आधी ही तपासणी समजून घ्या. तोंडात निळा प्रकाश टाकल्यावर निरोगी अस्तर हिरवट चमकते आणि पेशींत बदल झालेली जागा काळपट दिसते. सुई नाही, वेदना नाही. अशी उपकरणे आता भारतातही तयार होतात.

पण तोंड आले असेल किंवा दात घासून जखम झाली असेल, तरी ती जागा काळपट दिसू शकते. उलट, खरा आजार कधी निसटूनही जातो. म्हणूनच अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१७ मध्ये संशयास्पद डागांच्या निदानासाठी अशा साधनांची शिफारस केली नाही. कॅन्सर आहे की नाही, हे बायोप्सीच ठरवते. बायोप्सीने कॅन्सर पसरतो, हा गैरसमज आहे.

मग साधी तपासणी कमी दर्जाची का? मुळीच नाही. केरळमध्ये प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी नुसत्या डोळ्यांनी लोकांची तोंडे तपासली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. सरकारी कार्यक्रमातही तिशीनंतर अशीच तपासणी मोफत होते. मशीनची वाट पाहू नका.

राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पानठेल्यावर घोटलेला खर्रा सुटलेला नाही. त्यातली सुपारी आणि तंबाखू दोन्ही कॅन्सरला कारणीभूत आहेत.

महिन्यातून एकदा आरशासमोर, टॉर्च घेऊन गाल, जीभ, हिरड्या पाहा. यातले काही आढळल्यास लगेच डॉक्टरांना दाखवा:

• दोन आठवड्यांत न भरलेली जखम
• पांढरा किंवा लाल चट्टा
• तोंडात तीन बोटे उभी न मावणे, तिखट न सोसणे
• गालात किंवा मानेत गाठ

गावात सोय नसेल तर यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय गाठा. जखम दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीचा कॅन्सर बहुधा दुखत नाही.