रोग लपविणे हा धर्म नव्हे



आज मी तुमच्याशी डुकरांच्या रोगाविषयी बोलणार आहे. विषय ऐकून कोणी नाक मुरडील. कोणी म्हणेल, ‘वकीलसाहेब, धम्मदीक्षा घेतली ती काय डुकरांच्या गोष्टी वाचण्यासाठी?’ त्या प्रश्नकर्त्यालाच मला प्रथम गाठावयाचे आहे. कारण डुकराच्या रोगापेक्षा त्याच्या मनातील रोग अधिक जुना आहे.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील गिरीज हे गाव तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. केळीच्या व भाजीच्या वाड्या, घरोघर विहिरी, आणि वाडीच्या पोटात पावसाचे गोडे पाणी धरून ठेवणारी बावखले. या पट्ट्यातील ख्रिस्ती घरांत नाताळाला व लग्नकार्याला डुकराचे मांस मानाने रांधले जाते. ते पुरविण्यासाठी कोणी परसात, कोणी वस्तीच्या कडेला दोनचार जनावरे पाळतो. पाळणारा बहुधा गरीबच असतो, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

त्या बाजूचे एक गृहस्थ मध्यंतरी माझ्याकडे आले. त्यांची नऊ डुकरे आठ दिवसांत गेली होती. ‘साहेब, भरपाईचा दावा लावा,’ म्हणाले. मी विचारले, ‘वर्दी कोणाला दिली?’ कोणालाच नाही. एकदा एका कचेरीत ते विचारावयास गेले, तेव्हा तेथील कारकून हसला होता: ‘डुकराला कसला दवाखाना?’ ते मान खाली घालून परतले. मग दोन आजारी जनावरे पायांवर उभी होती तोवर मिळेल त्या भावाने विकली, सहा रात्री पुरली, आणि एक बावखलात लोटले. पंचनामा नाही, शवविच्छेदन नाही, अर्जाची पोचपावती नाही. कायद्याची पुस्तके माझ्या मागील कपाटात रांगेने उभी होती. पण त्या गृहस्थांच्या हातात ठेवण्यासारखे एक पानही मजजवळ नव्हते.

हा रोग कोणता? शवविच्छेदनच न झाल्याने ते आता कोणी सांगू शकणार नाही. परंतु जनावराला सणसणून ताप येणे, त्याने खाणे टाकणे, एकमेकांच्या अंगावर ढीग करून पडणे, कान व पोट लालनिळे होणे, चालताना मागचे पाय लटपटणे, रक्ती हगवण आणि गाभण मादीने पिले टाकणे, ही लक्षणे डुकरांच्या दोन मोठ्या ज्वरांत दिसतात. एक जुना वराहज्वर, म्हणजे स्वाइन फिवर. त्यावर लस आहे. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने देशी विषाणूपासून पेशीसंवर्धनाने तयार केलेली नवी लस २०२० साली पुढे आणली. दुसरा आफ्रिकन वराहज्वर. १९२१ साली केनियातून त्याचे प्रथम वर्णन झाले. २०१८ साली तो चीनमध्ये शिरला आणि २०२० साली आसाम व अरुणाचल प्रदेशात प्रकटला. त्यावर आपल्या पाळणाऱ्याच्या हाती आज लस नाही, औषध तर नाहीच. माणसाला तो होत नाही. पण खोपट्यात शिरला की बहुतेक जनावरे घेऊन जातो. दोन्ही ज्वर डोळ्यांनी पाहून वेगळे ओळखता येत नाहीत. त्यासाठी रक्ताचा वा अवयवाचा नमुना भोपाळसारख्या ठिकाणच्या प्रयोगशाळेत जावा लागतो. जो मेलेले जनावर रात्री पुरतो, तो हा पुरावाही त्याच खड्ड्यात पुरतो.

आणि हा रोग येतो कोठून? मरीआईच्या कोपाने येत नाही. मरीआईला आपण निरोप दिला, तो काय फक्त देव्हाऱ्यातून? तो येतो दोन वाटांनी. पहिली वाट म्हणजे उष्टे. हॉटेलातील आणि मांडवातील खरकटे न उकळता डुकरापुढे ओतले, आणि त्यात रोगी डुकराच्या मांसाचा तुकडा असला, की रोग आलाच. खारविलेल्या किंवा बर्फात ठेवलेल्या मांसातही आफ्रिकन ज्वराचा विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. दुसरी वाट म्हणजे मेलेल्या व मरू घातलेल्या जनावराचे मांस. ते विकले की रोग गावोगाव जातो. विकत आणलेले नवे जनावर, घरोघर फिरविलेला नर, खाटकाची चिखलाची पायताणे ही या वाटांची पोटवाट.

वाचकहो, उष्टे आणि मृत मांस हे दोन शब्द तुम्ही यापूर्वी एकत्र ऐकलेले नाहीत काय? १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या वाडवडिलांना हेच दोन पदार्थ टाकावयास सांगितले होते. त्यांनी ते स्वाभिमानासाठी टाकावयास सांगितले, रोगासाठी नव्हे. परंतु जे माणसाच्या मानाला घातक ते त्याच्या धनालाही घातक ठरते, हे येथे स्पष्ट दिसते. ज्याने स्वतःच्या ताटातून मेलेले मांस काढून फेकले, त्याने मरणाऱ्या डुकराचे मांस शेजाऱ्याच्या ताटात वाढावे काय? नुकसान थोडे भरून निघावे म्हणून केलेला हा सौदा म्हणजे महाडकडे पाठ फिरविणे होय.

डुकराच्या आणखी एका रोगाशी तर तुमच्या मुलाबाळांचा थेट संबंध आहे. अर्धवट शिजलेल्या रोगी मांसातून माणसाच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. उघड्यावर बसलेल्या माणसाची विष्ठा डुकराने खाल्ली की डुकराच्या मांसात गाठी होतात. तीच अंडी अस्वच्छ हातांनी वा न धुतलेल्या भाजीवरून माणसाच्या पोटात गेली, तर त्या गाठी माणसाच्या मेंदूतही होतात आणि त्याला फेफरे येते. डुकराला शिवले नाही, मांस कधी चाखले नाही, त्यालाही हे होऊ शकते. मग त्या पोराला भगताकडे नेतात, ‘बाहेरची बाधा’ म्हणून अंगारा लावतात. बाधा बाहेरची असते हे खरेच. ती शौचालय नसलेल्या वस्तीतून आणि मोकाट सोडलेल्या डुकरातून येते. तिच्यावर उपाय शौचालय, साबण, बंदिस्त जनावर, नीट शिजविलेले मांस आणि डॉक्टर हाच आहे.

आता आक्षेपांचा समाचार घेऊ. पहिला आक्षेप आपल्याच शिकलेल्या लोकांचा: ‘बौद्धाने डुकरे पाळूच नयेत.’ मांसाचा व्यापार उपासकाने करू नये असे बुद्धवचन आहे, हे मी लपवीत नाही. ज्याला दुसरे पोटापाण्याचे साधन मिळेल त्याने हा धंदा जरूर सोडावा. पण ज्याला ते मिळाले नाही त्याला तुम्ही काय देता? नोकरी देता? जमीन देता? केवळ तिरस्कार देता! धंद्यावरून माणसाची पायरी ठरविणे यालाच तर आपण जातिभेद म्हणत होतो. प्राणिमात्रावर दया करण्याची प्रतिज्ञा आपण घेतली आहे. त्या प्राणिमात्रात तापाने तडफडणारे डुकराचे पिलू येत नाही, असे कोठे लिहिले आहे?

दुसरा आक्षेप पाळणाऱ्याचा, आणि तो खरोखर वजनदार आहे: ‘वर्दी दिली तर सरकार येऊन सगळीच डुकरे मारील.’ होय, मारील. आफ्रिकन ज्वर सिद्ध झाल्यास रोगस्थानापासून एक किलोमीटरच्या आतील डुकरे मारावीत आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवावी, असा सरकारी दंडक आहे. ही गोष्ट कठोर आहे. पण करुणा म्हणजे डोळे मिटणे नव्हे. एका खोपट्यातील मौन दहा गावांतील जनावरांना हाल हाल करून मारते. शिवाय हिशेब नीट समजून घ्या: सरकारने मारलेल्या जनावराची भरपाई मिळते, आपोआप मेलेल्याची मिळत नाही. म्हणजे प्रत्येक दिवसाच्या विलंबाने भरपाईस पात्र असलेले एकेक जनावर तुमच्या हातून निसटते. वर्दी देणारा बुडतो हा समज खोटा आहे. बुडतो तो लपविणारा.

कायदा काय म्हणतो तेही ऐका. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधाचा व नियंत्रणाचा २००९ चा केंद्रीय कायदा या दोन्ही ज्वरांना लागू आहे. रोगाचा संशय येताच मालकाने गावच्या अधिकाऱ्याला किंवा पंचायतीला कळवावे असे त्याचे कलम ४ सांगते, आणि आजारी जनावर इतरांपासून वेगळे ठेवावे असे कलम ५. रोगाने मेलेले जनावर नदीत, तळ्यात, पाण्यात टाकणे हा गुन्हा आहे. बावखल त्याला अपवाद नाही. म्हणून वर्दी लेखी द्या, तारीख घाला, नकलेवर शिक्का घ्या. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक घरातल्या लेकरालाही पाठ असू द्या. डॉक्टर येईपर्यंत जनावर विकू नका, कापू नका, हलवू नका. मेलेले जनावर डॉक्टर सांगतील तेथे, विहिरीपासून व बावखलापासून दूर, खोल खड्ड्यात चुना घालून पुरा.

आणि रोग येण्यापूर्वीच त्याची वाट अडवा. उष्टे घालणे भागच असेल तर ते ढवळत ढवळत तासभर खळखळून उकळा. नवे जनावर महिनाभर निराळे बांधा. दाराशी चुना ठेवा. खाटकाला व गिऱ्हाइकाला आत घेऊ नका. जमीन पक्की व उताराची करा, म्हणजे पावसाळ्यात मुताचे डबके साचणार नाही. पिले दोनतीन महिन्यांची होताच वराहज्वराची लस टोचून घ्या, पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने दरवर्षी. लाळ्याखुरकुताची लसही मागा. टोचल्याची नोंद वहीत ठेवा. ती वहीच उद्या तुमचा साक्षीदार होईल.

सरकारलाही दोन शब्द. संविधानाचे अनुच्छेद ४८ गायीसाठी सर्वांना तोंडपाठ आहे. परंतु त्याच अनुच्छेदाचा आरंभ पशुसंवर्धन आधुनिक व शास्त्रीय पद्धतीने संघटित करण्याच्या आदेशाने होतो, याचे स्मरण किती जणांना आहे? त्या पशूंत डुक्करही येते. हा आदेश न्यायालयातून बजावून घेता येत नाही हे मी जाणतो. पण मत मागावयास येणाऱ्याला त्याविषयी विचारता येते. महापालिकेने डुकरांचा विचार केवळ ‘उपद्रव’ म्हणून करू नये. वस्तीत लस पोचवावी, शौचालये बांधावीत, आणि मारलेल्या जनावराची भरपाई ठराविक मुदतीत द्यावी. भरपाई रेंगाळली तर पुढचा मालक वर्दी देणार नाही, आणि त्या मौनाचा दोष एकट्या मालकावर टाकता येणार नाही.

ते गृहस्थ माझ्याकडून रिकाम्या हाताने गेले. कारकुनाच्या हसण्याने ते गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याने त्यांची उरलीसुरली आशा संपली. तुमच्या वस्तीत असा कोणी असेल तर उद्याच त्याच्याकडे जा. त्याला लिहिता येत नसेल तर अर्ज तुम्ही लिहा. कचेरीत तो एकटा उभा राहणार नाही असे पाहा. अन्यायापुढे मुके राहावयाचे नाही हे आपण शिकलो. रोगापुढेही मुके राहू नका.

जय भीम.