धुराड्याच्या जोडाची जबाबदारी कोणाची?

आम्ही कापडाचे व्यापारी. लोखंडी पत्रा आणि धुराडे यांच्याशी आमचा काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध आहे, कारण काही वर्षांपूर्वी एका धुराड्यापायी आमचे बावीस तागे काळे पडले. त्या ताग्यांचे दुःख आम्ही विसरलो. पण त्याच शेडमध्ये दोन मजूर चक्कर येऊन पडले होते, ते विसरता येत नाही. म्हणून हे चार शब्द.

अंबरनाथच्या बाजूला आमचे एक जुने गिऱ्हाईक आहे. कापड रंगवून, इस्त्री करून देणे हा त्यांचा धंदा. पाणी तापवायला लाकडाची भट्टी. भट्टी एका कारखान्याची, धुराचा पाईप उल्हासनगरच्या बाजारातला, तर वरचे धुराडे आणि टोपी बदलापूरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलेली. तिघांनीही 'सहा इंची' माल दिला. कोणी खोटे बोलले नाही. तरी एकही तुकडा दुसऱ्यात नीट बसला नाही. शेवटी कारागिराने फटीत चिंध्या आणि माती कोंबली, वरून तार आवळली आणि "बसला, शेट" म्हणून तो निघून गेला. चिंध्या जळाल्या, माती सुकून गळाली. पावसाळ्यात शेडची दारे बंद राहू लागली आणि धूर आत कोंडला. मजुरांचे डोके दुखे, मळमळे. सगळ्यांना वाटले उकाड्याने होते. लाकूड अर्धवट जळाले की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. देवाची कृपा की दोघे मजूर वाचले.

चूक कोणाची, हे विचारायला आमचे गिऱ्हाईक तिघांकडे गेले. प्रत्येकाने सांगितले, "आमचा माल बरोबर आहे." आणि ते खरेच होते. खराबी मालात नव्हती, जोडात होती. आणि जोडाला धनी नव्हता.

आधी मापाचे बघू. सहा इंच म्हणजे नेमके १५२.४ मिलिमीटर. पण मिलिमीटरने काम करणारा कारागीर सरळ १५० धरतो. पाण्याच्या लोखंडी पाईपला सहा इंची म्हणतात ते नावापुरते. आयएस १२३९ या भारतीय मानकाप्रमाणे तो बाहेरून १६५.१ मिलिमीटर असतो आणि अमेरिकी मापाचा १६८.३. त्यातही एक जण आतून मोजतो, दुसरा बाहेरून. आमच्या धंद्यात ४४ पन्ह्याचा तागा आला तरी कात्री लावण्याआधी आम्ही पन्हा मोजतोच. मग लोखंडाच्या बाबतीत तोंडी शब्दावर विश्वास का ठेवावा? शिंप्याची टेप पाईपभोवती गुंडाळा. घेर ४७१ मिलिमीटर भरला तर पाईप बाहेरून १५० चा, ४७९ भरला तर खरा सहा इंची, आणि ५१९ भरला तर तो पाण्याचा पाईप. दोन मिनिटांचे काम आहे.

दुसरी गोष्ट जोडाच्या दिशेची. वरच्या नळीचे टोक खालच्या नळीच्या आत गेले पाहिजे. पुष्कळ ठिकाणी आम्ही उलटे पाहिले आहे, कारण छपराच्या कौलांची सवय. कौलावर पाणी बाहेरून वाहते. धुराड्यात मात्र धूर थंड होऊन डांबरासारखे काळे पाणी आतून खाली उतरते. जोड उलटा असेल तर ते पाणी सांध्यातून बाहेर येते. आमच्या ताग्यांवर पडले ते हेच पाणी. सांध्याला दीड इंच तरी पत्रा एकावर एक यावा, तीन स्क्रू असावेत आणि आडवा पाईप फुटामागे पाव इंच तरी चढता असावा. भट्टीतून निघणारा पहिला पाईप काळ्या पत्र्याचा घ्यावा. जस्ताचा मुलामा ४१९ अंशांना वितळतो, आणि जस्ताचा धूर छातीला बाधतो. अमेरिकेतील आगीविषयीच्या नियमांत एकेरी पत्र्याचा पाईप लाकडी भिंतीपासून अठरा इंच दूर ठेवायला सांगितला आहे. कापडाच्या थप्प्यांनाही तेच माप लावावे.

अमेरिकेत घरोघरी लाकडाच्या शेगड्या असतात. तेथे एकेरी पत्र्याचे पाईप माप जुळल्यास वेगवेगळ्या कंपन्यांचे चालतात. परंतु दुहेरी भिंतीचे धुराडे ज्या कंपनीचे सुरू केले, त्याच कंपनीचे शेवटपर्यंत लावतात, कारण त्याची चाचणी पूर्ण संचाची होते आणि प्रत्येकाची खाच निराळी असते. दोन जाती जोडायच्याच असतील तर कंपनीने त्यासाठी बनवलेला तुकडाच वापरतात.

आमच्या भागात एकाच कंपनीचा संच घ्या असे सांगणे सोपे, पण ते परवडत नाही. १९४९ साली लष्करी छावणीच्या जागी वसलेले उल्हासनगर जोडजमाव करूनच उभे राहिले आहे. त्या हुनराला आम्ही नावे ठेवणार नाही. त्यावर आमच्यासारख्यांचीही चूल पेटते. आमचे म्हणणे एवढेच, की जोड जो करील त्याने बिलावर लिहून द्यावे: कोणते तुकडे जोडले, मिलिमीटरमध्ये माप किती, आणि गळल्यास दुरुस्ती कोण करणार. हे कागद महत्त्वाचे आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारासाठी माल घेणारा 'ग्राहक' धरला जात नाही; स्वतःच्या कष्टाने पोट भरणाऱ्यापुरता अपवाद आहे. कारखानदाराच्या हाती शेवटी ते बिलच उरते.

गॅस आल्यावर हा प्रश्न मिटेल, असेही कोणी समजू नये. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतील लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. आपल्याकडेही आज ना उद्या तेच होईल. तेव्हा नवी गॅसची भट्टी जुन्या धुराड्याला जोडण्याचा मोह होईल. गॅसच्या धुरात वाफ पुष्कळ असते, थंड धुराड्यात तिचे पाणी होते आणि जुने सांधे कुजतात. शिवाय काजळी दिसत नाही म्हणून गळती कळतही नाही.

आमच्या गिऱ्हाइकाने पुढे सगळा पाईप उतरवून एकाच कारागिराकडून नव्याने बसवून घेतला आणि बिल कपाटात ठेवले. खर्च आमच्या बावीस ताग्यांच्या किमतीपेक्षा कमी आला. व्यापारी बांधवांनी आपल्या शेडमधले सांधे या आठवड्यात एकदा पाहून घ्यावेत, आणि तेथे रात्री कोणी झोपत असेल तर आजच पाहावेत.