कुलाब्याच्या चुंबकाने काय पाहिलं?

२ सप्टेंबर १८५९. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकमापकाचे आकडे डोळ्यांनी वाचून वहीत उतरवत असत, एरवी तासातासाने आणि खळबळ असली की काही मिनिटांच्या अंतराने. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक एकाएकी सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरला. म्हणजे जेमतेम चार टक्के. किरकोळ वाटतं ना? पण मार्च १९८९ च्या ज्या वादळात कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातली वीज नऊ तास गेली होती, त्यात जगभरचा निर्देशांक उणे ५८९ पर्यंतच उतरला होता. मे २०२४ मध्ये लडाखच्या हानले इथून आकाश लाल दिसलं, तेव्हाची घट चारशेच्या थोडी वर होती.

(कुलाबा म्हटल्यावर अलिबागचा किल्ला आठवला असेल, तर ते कुलाबा वेगळं. मात्र वेधशाळा पुढे अलिबागलाच गेली! मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्या प्रवाहामुळे नोंदी बिघडल्या असत्या.)

ही घसरण मुख्यतः घडवतो तो पृथ्वीभोवतीचा वलयप्रवाह, म्हणजेच रिंग करंट. पृथ्वीच्या केंद्रापासून साधारण वीस ते तीस हजार किलोमीटर अंतरावर विद्युतभारित कण चुंबकीय क्षेत्रात अडकून पृथ्वीभोवती फिरत असतात. धन आयन पश्चिमेकडे सरकतात, इलेक्ट्रॉन पूर्वेकडे. दोन्ही मिळून पश्चिमेकडे जाणारा एक प्रचंड प्रवाह होतो. त्याचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र विषुववृत्ताजवळ जमिनीवर पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट पडतं. सूर्याकडून वादळ आलं की वलय भरतं आणि खाली चुंबकाचा आकडा उतरतो.

जमिनीवरून मोजायची रीत जुनी आहे. होनोलुलू, सान हुआन, दक्षिण आफ्रिकेतलं हर्मानस आणि जपानमधलं काकिओका या चार वेधशाळांच्या नोंदींवरून क्योटोत निर्देशांक काढतात. पण हे म्हणजे मंगल कार्यालयाबाहेर उभं राहून आतल्या गोंगाटावरून गर्दीचा अंदाज बांधणं. माणसं पुष्कळ आहेत एवढं कळतं. त्यात वरपक्षाची किती आणि वधूपक्षाची किती, हे आत गेल्याशिवाय कसं कळणार? शिवाय शेजारच्या कार्यालयाचा बँडही ऐकू येत असतो, कारण आकाशातले इतर प्रवाहही त्याच आकड्यात मिसळतात.

आत गेली ती यानं. तिथे किती ऊर्जेचे कण आहेत हे आधीच्या उपग्रहांनी सांगितलं होतं, पण ते कण कशाचे, हे नीट ओळखलं १९८४ मध्ये सोडलेल्या ॲम्प्टी मोहिमेने. तोवर समज असा की वलयातला माल बहुतांशी सूर्याकडून आलेला. प्रत्यक्षात मोठ्या वादळांत एकच इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन भरपूर सापडला. सौरवाऱ्यातल्या ऑक्सिजनचे बरेचसे इलेक्ट्रॉन आधीच निघून गेलेले असतात, त्यामुळे हा एका इलेक्ट्रॉनचा हिशेब म्हणजे त्याचा जन्मदाखलाच. हा ऑक्सिजन आपल्याच वातावरणाच्या वरच्या थरातून वर खेचला गेलेला! तीव्र वादळांत वलयाच्या ऊर्जेतला त्याचा वाटा निम्म्याच्या आसपास, कधी त्याहूनही वर जातो. वादळ सूर्याचं, पण मांडवातली निम्मी माणसं आपल्याकडची.

मात्र यान ज्या जागी असतं, तिथलंच त्याला कळतं. म्हणून २०१२ मध्ये व्हॅन ॲलन प्रोब्स ही यानांची जोडी सोडली. एकाच वाटेवर दोघं मागेपुढे असली, की बदल जागेमुळे दिसतो की वेळेमुळे, हे निवडता येतं. त्याआधी, २००० साली सोडलेल्या इमेज यानाने तर बाहेरूनच वलयाची चित्रं घेतली. ती युक्ती मला फार आवडते. वेगवान आयन पृथ्वीभोवतीच्या विरळ, थंड हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन हिसकावतो. त्याचा विद्युतभार गेला की चुंबकीय क्षेत्राची पकड सुटते आणि तो सरळ रेषेत निघून जातो. असे निसटलेले अणू टिपून चित्र तयार होतं. त्यात दिसलं, की वादळ चढत असताना वलय एकसारखं नसतंच. ते संध्याकाळ-मध्यरात्रीच्या बाजूला फुगलेलं असतं आणि सकाळच्या बाजूला रोडावलेलं.

आता कुलाब्याच्या आकड्याकडे पुन्हा बघा. नोंद एकाच ठिकाणची आणि वेळ दुपारच्या आधीची, म्हणजे जिथे वलय अशक्त असायला हवं तिथली. शिवाय ती घट तास-दोन तासांत बरीचशी भरून निघाली. वलय ओसरायला एरवी कित्येक तास, कधी काही दिवस लागतात. ऑक्सिजन त्यातल्या त्यात लवकर ओसरतो, पण इतक्या झटपट? काही शास्त्रज्ञ हे सगळं वलयाचंच मानतात. काहींच्या मते ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यातले प्रवाह त्या दिवशी बरेच खाली दक्षिणेकडे सरकले होते आणि त्यांचा मोठा वाटा होता. सगळे १६०० वलयाच्या खात्यावर टाकायला माझं मन काही तयार होत नाही.

हा वाद नुसता इतिहासाचा नाही. सर्वांत वाईट वादळ केवढं असू शकतं, हे ठरवताना आजही १८५९ चंच उदाहरण समोर ठेवतात. क्वेबेकसारखी वीज जाते ती जमिनीत निर्माण होणाऱ्या प्रवाहांमुळे आणि त्यांचा जोर क्षेत्र किती बदललं यापेक्षा किती झपाट्याने बदललं यावर ठरतो. वलय सावकाश भरतं, तर ध्रुवीय पट्ट्यातले प्रवाह मिनिटामिनिटाला उसळतात. ते एकदा मुंबईच्या अक्षांशांपर्यंत जाणवले असतील, तर आपल्याकडच्या ट्रान्सफॉर्मरचा हिशेबही वेगळा मांडावा लागेल.