‘पुरे’ म्हटल्यावर...

“वहिनी, शनिवारी आमच्या वाइनच्या जेवणाला तुम्हीही यायचंच!” यांच्या मित्राचा फोन आला तेव्हा मी सरळ नाही म्हणून टाकलं. गेली बारा वर्षं मी वस्तीत दारूच्या दुकानाविरुद्ध बायकांच्या सह्या गोळा करते. ‘आडवी बाटली’च्या घोषणा देऊन घसा बसवून घेते. मी कोणत्या तोंडाने त्या टेबलावर बसणार? पण हे म्हणाले, “न बघता बोलण्यापेक्षा बघून बोल.” ते पटलं आणि गेले.

तसं आम्हा नाशिककरांना द्राक्षाचं अप्रूप नाही. लहानपणी द्राक्ष म्हणजे खायची, फार तर मनुका. वाइनची द्राक्षं वेगळी. बारीक, बियांची आणि जाड सालीची. २००० साली ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आली, २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि बघता बघता आमच्या गावाची ओळखच पालटली.

रेस्टॉरंटमध्ये आम्ही आठ जण होतो. टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार बाटल्या आणि प्रत्येकासमोर कागद-पेन्सिल. नाव आणि किंमत न बघता चव ओळखायची, असा खेळ! ग्लासात जेमतेम दोन घोट. ग्लास दांडीला धरायचा, म्हणजे हाताच्या उबेने वाइन गरम होत नाही. पांढऱ्या टेबलक्लॉथवर रंग बघायचा, ग्लास हलकेच फिरवायचा, वास घ्यायचा आणि मग घोट. लाल वाइनचा रंग रसाचा नसून सालीचा असतो, हे मला तिथेच कळलं.

पुरुषमंडळी ‘फ्रेश’, ‘ट्रॉपिकल’ असं काहीबाही लिहीत होती. मी पहिल्या ग्लासासमोर लिहिलं, ‘पिकलेला पेरू’. दुसऱ्यासमोर, ‘ढोबळी मिरची चिरताना येतो तो वास’. सगळे हसले. कागद काढले तर पहिली शेनिन ब्लां आणि दुसरी सोव्हिन्यों ब्लां निघाली. मंडळातले ज्येष्ठ म्हणाले, “वहिनींनी बरोब्बर पकडलं! ढोबळी मिरची ही हिची ओळखच.” तिसऱ्या, शिराझच्या ग्लासात मला मिरे सापडले. वीस वर्षं फोडण्या दिलेलं नाक आहे ते, उगीच नाही! सगळ्यांत जास्त गुण मिळालेली बाटली सगळ्यांत स्वस्त निघाली, तेव्हा तर हास्याचा स्फोट झाला. खोटं कशाला बोलू, मला मजा आली. एक-दोन घोटांनंतर मी ग्लासावर हात ठेवला, तर कुणी आग्रहही केला नाही.

मजा तिथेच संपली असती तर हा लेख लिहिलाच नसता. चाखण्याचा खेळ संपला तरी एका गृहस्थांचा ग्लास भरतच राहिला. निघताना ते गाडीची किल्ली बोटावर फिरवत होते. त्यांची बायको खाली मान घालून उभी. सगळ्यांना दिसत होतं, पण कुणी बोलेना. आणि मीसुद्धा! वस्तीत कुणाच्याही नवऱ्याला दरडावणारी मी, इथे ‘बरं दिसणार नाही’ म्हणून गप्प. शेवटी ती गाडीत बसायला लागली तेव्हा राहवलं नाही. म्हटलं, “भाऊजी, किल्ली यांच्याकडे द्या.” आमच्या यांनी त्या दिवशी थेंबही घेतला नव्हता. ते गृहस्थ रागावले, चारचौघांत तोंडं वाकडी झाली, पण किल्ली मिळाली. वाटेत ती मागच्या सीटवरून एवढंच म्हणाली, “दर वेळी असंच असतं.”

सोमवारी वस्तीत बैठक होती. लपवून ठेवणं मनाला पटेना, म्हणून बायकांना सगळं सांगितलं. त्यांतल्या दोघी-तिघी द्राक्षाच्या बागेत रोजाने जाणाऱ्या. जरा वेळ सगळ्या गप्प. मग एकीने विचारलं, “ताई, तिथं बाईनं ‘पुरे’ म्हटलं तर ऐकत्यात का?”

मी ‘हो’ म्हणणार होते, पण मागच्या सीटवरचा तो आवाज आठवला. माझ्या ग्लासापुरतं ऐकलं होतं. त्याच टेबलावरच्या दुसरीचं मात्र कुणी ऐकत नव्हतं.

२०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असं ठासून सांगणारे किती तरी भेटले. मैत्रिणींनो, वाइनमध्ये साधारण बारा-चौदा टक्के अल्कोहोल असतं. मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. स्तनाच्या कर्करोगाशीही त्याचा संबंध आहे. तेव्हा ‘हृदयाला चांगली असते’ म्हणून कुणी ग्लास पुढे केला, तर हेही ठाऊक असू द्या. घ्यायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी कुणाचा ग्लास हिसकावायला निघालेली नाही.

पण वस्तीतला नवरा झिंगला की आपण त्याला दारुडा म्हणतो आणि आपल्यातला झिंगला की ‘आज जरा जास्त झाली’ म्हणतो, हे काही खरं नाही. पुढच्या जेवणाचं निमंत्रण आम्हाला येईल की नाही, माहीत नाही. आलं तर मी जाईन. मात्र बाटल्या उघडण्याआधी एक प्रश्न विचारीन, “आज घरी जाताना गाडी कोण चालवणार?”