पितृपक्षातला शनिवार

यंदा अधिक ज्येष्ठ आला आणि सगळे सण पुढे सरकले. गणपती १४ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी २५ला, घटस्थापना ११ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. पनवेल, उरण, खारघर, उलवे या पट्ट्यात वाजवून पोट भरणाऱ्यांच्या डायऱ्या या तारखांनी भरत आल्या आहेत. तुळशीचं लग्न लागलं की हळदी सुरू होतील आणि मग पार मेपर्यंत कुणाला फुरसत नाही. या गर्दीत एकच पंधरवडा कोरा आहे. २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर, पितृपक्ष. हळद नाही, वास्तुशांत नाही, उद्घाटन नाही. साउंड गोदामात, ऑक्टोपॅड बॅगेत, कीबोर्डवाला घरी. म्हणून या ऑगस्टच्या अंकात आमचं सांगणं एवढंच आहे: त्या पंधरवड्यातला ३ ऑक्टोबरचा शनिवार आपण आपल्या स्वतःच्या गाण्यांसाठी धरून ठेवावा आणि पुढे दर महिन्याला तसा एक शनिवार सोडू नये.

पितृपक्षात कार्यक्रम कसा करायचा, असं विचारणारे भेटतील. शुभकार्य टाळण्याची रीत आहे, गाणं टाळण्याची नाही. देवळातलं भजन त्या पंधरा दिवसांत कुठल्या गावात बंद पडतं?

आपल्या आजूबाजूला मोठमोठ्या गोष्टी घडत आहेत, हे खरं. जानेवारी २०२५मध्ये कोल्डप्ले नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन दिवस वाजवून गेला. त्याच मैदानावर २०१७ला जस्टिन बीबर आणि २०१९ला यू-टू येऊन गेले होते. अटल सेतू जानेवारी २०२४मध्ये खुला झाला, २५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडू लागली. या भागात मोठं बंदिस्त अरीना उभं राहणार अशी चर्चाही जोरात आहे. याचं आम्हाला मनापासून स्वागत आहे. स्टेज बांधणाऱ्या, केबल ओढणाऱ्या आपल्या पोरांना काम मिळेल. लाइन अॅरे कसा टांगतात, मॉनिटर इंजिनिअर कलाकाराशी कसा बोलतो, हे त्यांना जवळून बघायला मिळेल. असं शिक्षण कुठल्याही क्लासमध्ये मिळत नाही. पण त्या मैदानावर पनवेलचं एकही गाणं जन्माला येणार नाही. गाणं जन्माला येतं ते साठ-सत्तर माणसांच्या खोलीत, जिथे तिसऱ्या कडव्याला लोक चुळबुळ करायला लागले की गाणाऱ्याला ते समोर दिसतं आणि पुढच्या महिन्यात तो ते कडवं काढून टाकतो.

‘पनवेलला इंडी सीन कधी येणार?’ असं तरुण वाचक आम्हाला वरचेवर विचारतात. तो आलेला आहे, त्याला बरीच वर्षं झाली. उलवे, वहाळ, गव्हाणपासून कामोठ्यापर्यंत आगरी-कोळी गाणी करणारी पोरं काय करतात ते बघा. बेडरूमच्या एका कोपऱ्यात गाद्या उभ्या करून बूथ तयार होतं. एक कंडेन्सर माइक, एक इंटरफेस, लॅपटॉप. चाल स्वतःची, शब्द मित्राचे, व्हिडिओ चुलतभावाचा. गाणं यूट्यूबवर चढतं आणि पुढच्याच आठवड्यात हळदीच्या मांडवात वाजतं. ना कंपनी, ना मॅनेजर. जून २०२१मध्ये विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव द्यावं म्हणून मानवी साखळी उभी राहिली, सिडकोला घेराव झाला, तेव्हा त्या मागणीची गाणीही अशाच खोल्यांतून बाहेर पडली. विमानतळासाठी दहा गावं उठली, आणि नव्या वसाहतीत देवळासोबत भजनी मंडळंही पुन्हा उभी राहिली. स्वतंत्र संगीत म्हणजे याहून वेगळं काय असतं?

दुसरीकडे खारघर, कामोठे, नवीन पनवेलच्या सोसायट्यांत दुसरी एक पिढी आहे. गिटार, काहोन, मराठी-हिंदी रॅप, इंग्रजी गाणी. क्रेटेक्स आणि श्रेयसचं ‘तांबडी चामडी’ २०२४मध्ये स्पिनिन रेकॉर्ड्स या डच लेबलवर आलं आणि मराठी शब्दांवर परदेशातले लोक नाचले. अमरावतीच्या १०० आरबीएच या रॅपरने वऱ्हाडी बोली टीव्हीच्या स्टेजवर नेली. तेव्हापासून या पोरांनाही आपल्या भाषेत लिहावंसं वाटू लागलं आहे. हे दोन्ही गट एकाच साउंडवाल्याकडून स्पीकर भाड्याने घेतात, एकाच दुकानातून तारा आणि काड्या आणतात, पण एकमेकांचं गाणं त्यांनी ऐकलेलं नसतं. आमच्या मते पनवेलचा खरा प्रश्न हा आहे. जागेचा आणि परवानगीचा प्रश्न त्यानंतर येतो.

या दोघांना जोडू शकेल असं एक वाद्य आपल्याकडे आहे, पण बँजो पार्टीला हलकं समजणाऱ्यांसाठी इथे थोडं थांबायला हवं. आपण ज्याला बँजो म्हणतो तो अमेरिकेतला बँजो नव्हे. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं हे तंतुवाद्य जपानच्या तैशोगोतोचा वंशज. नागोयात १९१२मध्ये ते घडलं, आपल्याकडे बुलबुल तरंग म्हणून आलं, आणि मुंबई-रायगडच्या वादकांनी त्याला पिकअप बसवून, अॅम्प्लिफायरला जोडून, ढोल-ताशाच्या वर ऐकू जाईल असं रस्त्यावरचं वाद्य केलं. डाव्या हाताने बटण दाबताना सूर किंचित घसरवायचा, उजव्या हाताच्या नखीने तीच तार दुहेरी छेडायची, की आवाजात जी गायकी येते ती कुठल्याही कीबोर्डवर निघत नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या बरोबरीने बसेल असं हे वाद्य आपल्या घरचं आहे. खारघरच्या एखाद्या रॉक बँडने पहिला सूर बँजोला दिला, असं आम्हाला अजून ऐकायला मिळालेलं नाही. ३ ऑक्टोबरला ते ऐकायची आमची फार इच्छा आहे.

धवल्याचं, म्हणजे लग्नात बायका गातात त्या पारंपरिक गाण्याचंही तसंच. गेल्या लग्नसराईत एका हळदीच्या मांडवात आम्ही साउंडच्या टेबलामागे बसलो होतो. ऑर्केस्ट्रा जोरात चालू, आवाजावर एवढा इको की शब्दामागून शब्द धावत होते. मध्येच धवला गाणारी धवलारीण उठली. साठी ओलांडलेली बाई, हातात माइक कसा धरायचा तेही माहीत नाही, छातीशी धरून उभी राहिली. साउंडवाल्या पोराने कुणी न सांगता इको शून्यावर आणला, लोअर मिड थोडा कापला, मॉनिटर बंद केला आणि तिचा फेडर हळूहळू वर नेला. पहिल्या ओळीतच जेवणाच्या पंगतीतली बडबड थांबली. त्या पोराला कुणी इंजिनिअर म्हणत नाही, तो गावात ‘डेकवाला’ आहे. पण कुठे काय काढून घ्यायचं, हे त्याला नेमकं कळत होतं.

याच प्रसंगाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. असा धवला कुणीतरी मोबाइलवर घेतो, खाली बीट टाकतो, ‘पारंपरिक’ असं लिहून अपलोड करतो. चाल आणि शब्द परंपरेचे, त्यावर कुणाचा हक्क नाही, हे बरोबर. पण ज्या बाईने ते गायलं तिचा सादरीकरणाचा हक्क कायद्याने वेगळा आहे आणि तो ५० वर्षं टिकतो. २०१२च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक वापरात कलाकाराला रॉयल्टीचाही हक्क आहे. ज्यांच्या नावावर अशी गाणी आहेत त्यांनी आजच वर्णनात त्या बाईचं नाव घालावं आणि तिच्या घरी जाऊन पैसे द्यावेत. वकिलाची नोटीस येण्याची वाट बघण्याची ही गोष्ट नाही.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर ३ ऑक्टोबरचा कार्यक्रम तिकीट लावूनच व्हावा असा आग्रह आम्ही का धरतो तेही सांगतो. आपलं गाणं गावोगावच्या हळदीत वाजतं, त्याचं नाव होतं, पण गीतकार-संगीतकाराला त्यातून रॉयल्टी येत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना सूट आहे. जुलै २०२३मध्ये केंद्र सरकारने जाहीर सूचना काढून लग्नांकडून रॉयल्टी मागू नका, असं रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थांना बजावलं. लग्नघराच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण ज्याची गाणी हळदीवरच जगतात, त्याच्या चालीची किंमत त्याला फक्त सुपारीतून मिळते, आणि सुपारी वाजवण्याची असते, गाणं रचण्याची नसते. तिकीट काढून गाणं ऐकायला आलेला माणूस हाच रचनाकाराचा खरा ग्राहक. स्वतःची गाणी लिहिणाऱ्यांनी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घ्यावं आणि कार्यक्रम झाला की वाजवलेल्या गाण्यांची यादी भरून द्यावी. ही यादी भरण्याचा कंटाळा आपल्या मंडळींना फार महागात पडतो.

हिशेबही अवघड नाही. संगीताच्या कार्यक्रमाचं माणशी ५०० रुपयांपर्यंतचं तिकीट जीएसटीतून मुक्त आहे. समजा २५० रुपये तिकीट लावलं आणि ८० माणसं आली, तर २० हजार रुपये जमतात. त्यात छोटा हॉल, साउंड आणि गटांचं मानधन बसवता येतं, मात्र पितृपक्षातच. डिसेंबरात त्या पैशांत नुसता साउंडही येणार नाही. साउंडवाल्याचे पैसे कार्यक्रमाआधी द्यावेत. आपल्या भागात ‘नंतर बघू’ या दोन शब्दांनी जेवढे गट फुटले, तेवढे भांडणांनी फुटले नसतील.

जागेबद्दल. वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह पनवेलचं भूषण आहे, एकांकिका स्पर्धांमुळे राज्यभरची नाटकवाली पोरं तिथे येतात. पण नव्या गटाने सुरुवातीला तिथे जाऊ नये. रिकाम्या खुर्च्यांपुढे वाजवल्याने हिंमत खचते. शाळेचं सभागृह, सोसायटीचा हॉल, वाचनालयाची वरची खोली पुरे. हॉटेलवाल्यांकडे गेलात तर ‘लाइव्ह म्युझिक’ म्हटल्याबरोबर कपाळावर आठी पडेल. त्याला इतिहास आहे. २००५ साली डान्सबार बंदीचा विषय विधिमंडळात पेटला तो पनवेल पट्ट्यातल्या बारवरूनच. त्यानंतर उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, नवा कायदा, २०१९चा निकाल, असं ते चौदा वर्षं चाललं. त्या काळात बारच्या परवान्यावरचा ‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द असा बदनाम झाला की पोलीस ठाण्यात आजही त्याच नजरेने अर्ज वाचला जातो. त्या बारमध्ये वाजवणाऱ्यांत अव्वल कीबोर्डवाले आणि ढोलकीवाले होते, हेही या निमित्ताने नोंदवून ठेवावं. त्यांची कला कुठल्याच सत्कारात आली नाही. आपल्या अर्जात कार्यक्रमाचं स्वरूप, गाणी स्वतःची असल्याचं आणि संपण्याची वेळ स्पष्ट लिहावी. हॉलमालकाचं ना हरकत पत्र जोडावं आणि पंधरा दिवस आधी पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन भेटावं.

आवाजाची मर्यादा साउंडवाल्यांनी पाठच करावी. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल; रात्र दहाला सुरू होते. खासगी जागेच्या हद्दीवर याहून फार तर ५ डेसिबल जास्त चालतं. बंदिस्त सभागृहाला दहानंतर लाउडस्पीकरची सूट आहे असं काही जण सांगतात. ते खरं आहे, पण हद्दीवरची मर्यादा तेव्हा दहाने खाली आलेली असते. छोट्या खोलीत साधा ड्रमसेट काड्यांनी वाजवला तरी १०० डेसिबलच्या पुढे जातो. म्हणून ब्रश वापरा, किंवा काहोन घ्या. सबवूफर जमिनीवर थेट ठेवू नका, शेजाऱ्याच्या भिंतीपर्यंत पोचतो तो बासच. फरशीच्या हॉलमध्ये मागच्या भिंतीला सतरंज्या टांगल्या तर माइकची निम्मी शिट्टी तिथेच मरते. आवाजाच्या नियमापायी जागा कशी जाते ते बघा: मुंबईच्या रंगभवनात १९८६ला इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला, शास्त्रीय मैफलींपासून रॉकपर्यंत सगळं त्या एका आवारात व्हायचं. शांतता क्षेत्राच्या नियमाने ते २००३च्या सुमारास बंद पडलं आणि मुंबईच्या रॉकला तसं परवडणारं घर पुन्हा मिळालं नाही. आपल्याकडे तक्रार येऊन जागा गेली तर ती सगळ्यांचीच जाईल. साडेनऊला शेवटचं गाणं संपवा. लांबून आलेल्यांना लोकलही मिळेल.

महिन्याच्या ठरलेल्या दिवसाची ही कल्पना आमची नाही. कोल्हापूरचा देवल क्लब १८८३पासून आहे, आणि गावोगावच्या म्युझिक सर्कलनी वर्गणी आणि ठरलेली बैठक एवढ्या दोन गोष्टींवर रागसंगीताचा श्रोता घडवला. त्यांनी श्रोता आधी घडवला, मोठे कलाकार मागून आले. शंभर घरांची वर्षाची वर्गणी जमली तर पनवेलचा शनिवार कुणा आमदाराच्या, बिल्डरच्या किंवा बॅनरच्या उपकाराखाली राहणार नाही. दिवाळी पहाटेला राजकीय पक्ष लाखो रुपये खर्च करतात, मोठी नावं आणतात. ऐकणाऱ्यांना आनंद होतो, पण त्या स्टेजवर गावातला मुलगा फार तर ‘स्थानिक कलाकार’ म्हणून पहाटे साडेपाचला दोन गाणी गातो, सतरंजीवर अजून कुणी आलेलंही नसतं. हे आम्हाला पटत नाही आणि पटवूनही घ्यायचं नाही.

तेव्हा ३ ऑक्टोबरसाठी चार गट हवेत, प्रत्येकाला अर्धा तास. त्यातला एक तरी बँजोचा आणि एक तरी धवल्याचा असावा. गाणी स्वतःची, परंपरेतली असतील तर ती कुणाकडून घेतली ते सांगून. चौघांत मिळून एकच बॅकलाइन आणि एकच साउंडवाला, म्हणजे गट बदलताना अर्धा तास वाया जाणार नाही. दीपप्रज्वलन, सत्कार, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुणे यांतलं काहीही नको. ज्यांना वाजवायचं आहे त्यांनी गाण्यांची यादी, वादकांची नावं आणि लागणाऱ्या चॅनलची संख्या ३१ ऑगस्टपर्यंत आमच्याकडे लिहून पाठवावी. ज्यांच्याकडे ऐंशी खुर्च्यांची जागा आहे त्यांनी त्याहून आधी.