चहा काळाच का?

वीगन खाण्यावर अंक काढायचं ठरलं, तेव्हा बैठकीत पहिला प्रश्न आला, ‘म्हणजे चहाही काळाच का?’ सगळे हसले, पण प्रश्न खरा होता. आपल्याकडच्या शाकाहारी माणसाचं मांसाशी अडत नाही. अडतं ते दुधाशी. पाकिटावरचा हिरवा ठिपका तर तुपालाही मिळतो. वीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आणि वेगळं चिन्ह आलं ते थेट २०२२ साली.

शब्द मात्र जुना. १९४४ मध्ये इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन यांनी एक छोटंसं वार्तापत्र काढून तो रूढ केला. पीटर सिंगर यांचं ‘ॲनिमल लिबरेशन’ १९७५चं. तेही वाचावं. पण मला विचाराल, तर सुरुवात गांधीजींच्या आत्मकथेपासून करा. दूध न घेण्याचं व्रत, मग १९१८च्या आजारपणात शेळीच्या दुधाची काढलेली पळवाट आणि तिची राहून गेलेली बोचणी. प्रचारपत्रकात असली कबुली सापडत नाही.

आणि एक धडा ओट्याजवळचा. वाटीभर शेंगदाणे रात्री भिजवा, सालं काढून बारीक वाटा, पाणी घालून गाळा. उकळून कोमट झालं की हिरव्या मिरच्यांचे चार-पाच देठ टाकून उबेला झाकून ठेवा. सात-आठ तासांत दही. शेंगदाण्याचा वास येतो, हे आधीच सांगून ठेवते; कढी केली, वर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिली, की जाणवत नाही. सोलकढी तर मुळातच वीगन, तिथे काही शिकायला नको.

दही लागलं तर कळवा. नाही लागलं, तर नक्की कळवा.