ज्यांना दुसरे घर नाही

गेल्या साली दसरा झाल्यावर आम्ही सहकुटुंब पाटोद्याला मेहुण्यांकडे गेलो, तेव्हा आमच्या सामानात दोन बॅगा, चिवड्याचा एक डबा आणि काचेची एक बरणी होती. बरणीत गप्पी मासे होते. चिरंजीवांनी पावसाळ्याच्या तोंडी कुठूनसे चार आणले. दसऱ्यापर्यंत त्या चारांचे चाळीसच्या वर झाले, आणि "हा संसार आता माझ्या ओट्यावर नको," असा स्वयंपाकघरातून निकाल लागला. मासे फेकून द्यावेत तर कोणाचेच मन होईना. शेवटी असे ठरले की, सौताड्याच्या रामेश्वराला जायचे आहेच, तेथल्या डोहात त्यांना सोडून द्यावे. जीवही वाचतील आणि पुण्यही पदरी पडेल! ही कल्पना माझी होती, हे येथेच कबूल करून टाकतो.

सौताडा पाटोदे तालुक्यातच आहे. बालाघाटाचे ते उघडे पठार पाहत आपण जात असतो. पुढे काही असेल अशी शंकादेखील येत नाही, आणि एकाएकी पायांखाली दरी उघडते. विंचरणा नदी कड्यावरून खाली उडी घेते. पायऱ्या उतरून गेले की तळाशी रामेश्वराचे देऊळ. पाऊस बरा झालेला होता. तुषार अंगावर येत होते. दर्शन झाल्यावर चिरंजीवांनी पाण्यात बरणी कलती केली. निम्मी रिकामी झाली असेल, तोच बाजूला बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारले,

"कुठले मासे म्हणायचे हे, पाव्हणं?"

"पुण्याचे, आजोबा," चिरंजीव ऐटीत म्हणाले.

"असं व्हय. मग हितल्या माशांनी कुठं जायचं?"

आम्ही हसलो. तेही हसले. पण चिरंजीवांनी बरणी सरळ केली आणि झाकण लावले.

दुसऱ्या दिवशी मेहुण्यांनी नायगावचे मयूर अभयारण्य दाखवले. तेही याच तालुक्यात. १९९४ साली घोषित झालेले आणि जवळजवळ तीस चौरस किलोमीटर पसरलेले. मोर दिसले, केकाही ऐकली. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे, त्याचे कौतुक व्हावे तितके थोडेच. तथापि हिमालयाच्या पायथ्यापासून सिंहलद्वीपापर्यंत तो नांदतो. नायगावचे मोर उद्या नाहीसे झाले (तसे न होवो!) तर पाटोद्याचे नुकसान होईल, पण मोर ही जात जगातून जाणार नाही. म्हाताऱ्याचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. ज्याला 'हितं' सोडून दुसरे घरच नाही, असा जीव असला तर?

असे जीव आहेत, आणि त्यांतला एक आपल्याच महाराष्ट्रात, तोही देवळाच्या पाण्यात राहतो. सावंतवाडी तालुक्यात आंबोलीला आपल्यापैकी पुष्कळजण धबधबे पाहायला जातात. तेथे हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी महादेवाचे देऊळ आहे. गुहेतून झरा येतो, कुंडात साठतो आणि पुढे नदी होऊन घटप्रभेला व तिच्यावाटे कृष्णेला मिळायला पूर्वेकडे निघतो. या पाण्यात बोटाच्या दोन पेरांएवढा, तळाच्या खड्यांशी वावरणारा, तोंडाशी बारीक मिशा असलेला एक सुंदर मासा आहे. भाविकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या अंगावरून हात धुतले असतील! पण तो जगात दुसऱ्या कोणत्याही माशासारखा नाही, हे शास्त्रज्ञांनी जाहीर केले ते २०२० साली. नावही देवीचेच मिळाले : शिस्टुरा हिरण्यकेशी. दुसऱ्याच वर्षी राज्य सरकारने तो परिसर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केला. क्षेत्र किती, तर २.११ हेक्टर, म्हणजे सुमारे पाच एकर. नायगावात अशी चौदाशे क्षेत्रे मावतील.

एवढासा मासा एवढ्याशा जागेत का अडकावा? डोंगरमाथ्यावरचा झरा म्हणजे एक बेटच म्हणायचे. तळाशी राहणाऱ्या चिमुकल्या माशाला कडा चढून दुसऱ्या झऱ्यात जाता येत नाही. हजारो वर्षे आपल्याच भाईबंदांत राहून त्याची जातच निराळी होते. ज्या पाण्याने त्याला घडवले, त्या पाण्यावाचून मग त्याचे चालत नाही. तेथे साबण गेला, गढूळ आले किंवा परका मासा शिरला, तर त्याने कोठे जावे?

आंबोलीतच एक भेकही आहे, २००९ साली नाव मिळालेला. पावसाळ्याच्या सुरुवातीचे मोजके दिवस सड्याच्या जांभ्यावर वीतभर पाणी साचते. नर पिवळेधमक होतात आणि अंडी घालण्याचा सगळा सोहळा त्या उथळ थारोळ्यांतच उरकतो. पावसाने मध्येच दडी मारली की थारोळे आटते आणि अंडी वाळून जातात. आमच्याकडे लग्नाचा मुहूर्त चुकला तर दुसरा धरता येतो. या बिचाऱ्याला ती सोय फारशी नाही.

या बाबतीत अमेरिकेतली एक हकिकत मला पाटोद्याच्या फार जवळची वाटते. नेव्हाडाच्या वाळवंटात 'डेव्हिल्स होल', म्हणजे सैतानाचे बीळ, नावाचा खडकातला एक ऊन पाण्याचा डोह आहे. खोली अथांग, पण एका कडेला उथळ खडकाची एक लहानशी पायरी आहे आणि तिच्यावर इंचभरही न भरणारा एक निळा मासा खातो, पितो, वंश वाढवतो. साऱ्या जगात तेवढ्याच पायरीवर! जवळच्या शेतमालकाने विहिरी पाडून पंप लावले, तशी डोहातली पातळी उतरली आणि पायरी उघडी पडू लागली. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७६ साली न्यायालयाने निकाल दिला, की माशाला पुरेल इतके पाणी डोहात राहिलेच पाहिजे. उपसा त्या बेताने करा. एवढे करूनही २०१३ च्या मोजणीत अवघे पस्तीस मासे भरले होते. बीड जिल्ह्यातल्या माणसाला बोअर आणि उतरलेले पाणी यांविषयी मी नव्याने काय सांगावे? शेतकऱ्याची गरज खोटी नसते. पण जमिनीखालचे पाणी एकच असते, आणि त्यावर आपल्याखेरीज आणखी कोणाचा हक्क असू शकतो, हे एका मोठ्या न्यायालयाने मान्य केले, याचे मला नवल वाटते.

आता गप्पीविषयी. हा मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा. डासांच्या अळ्या खातो म्हणून आपल्याकडे आरोग्य खात्याची माणसे त्याला हौदांत, डबक्यांत सोडतात आणि बंद पाण्यात तो कामही चोख करतो. वाहत्या नदीत मात्र तो अळ्यांवरच थांबत नाही. दुसऱ्यांची अंडी आणि पिलेही त्याला चालतात. स्वतः अंडी न घालता पोहती पिलेच देतो, म्हणून त्याचा वंश भराभर फोफावतो. हे सारे मी वाचले ते पाटोद्याहून परतल्यावर. वाचायला हवे होते जाण्यापूर्वी.

उरलेले मासे आम्ही त्याच बरणीतून पुण्याला परत आणले. ओट्यावरून बरणी गॅलरीत गेली. पुन्हा संसार वाढू नये म्हणून चिरंजीवांनी खटपट करून नर एका बरणीत आणि माद्या दुसरीत केल्या. सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला. पण संक्रांतीच्या सुमारास माद्यांच्या बरणीत टाचणीच्या डोक्याएवढे डोळे असलेली नवी पिले फिरताना दिसली! पुस्तक पुन्हा उघडले, तेव्हा कळले की गप्पीची मादी, नर जवळ नसतानाही, कित्येक महिने पिले देऊ शकते.

सौताड्याच्या डोहात त्या दिवशी किती माद्या गेल्या, ते मात्र आमच्यापैकी कोणीच मोजले नव्हते.